गढूळ की नितळ

माझ्या सासऱ्यांना माती चाखताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. ते शेताच्या मधोमध उकिडवे बसले, बोटावर चिखल घेतला, जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकले. मग दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच. मी चहाची किटली घेऊन बांधावर उभी राहून बघत होते. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. माती तपासायची ती परीक्षानळीत, लिटमस कागद बुडवून, असं मुलांना सांगणारी. इथे सगळी प्रयोगशाळा म्हणजे एका म्हाताऱ्याची जीभ होती.

"अजून खारट हाय," ते म्हणाले. "आठ दिस थांबू."

आठ दिवस थांबलो. पावसाने शेत आणखी धुतलं, त्यांनी पुन्हा माती चाखली, मान हलवली आणि मगच लावणीला हात घातला. शेजारच्याने घाई केली होती, त्याची निम्मी रोपं पिवळी पडली. मी मनातल्या मनात ओशाळले, पण कबूल काही केलं नाही. तो माझा स्वभावच नव्हता.

साठचं दशक संपत आलं होतं. मुलुंड स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा थोडी घरं, मग मिठागरं, त्यांच्या पलीकडे आमचा पाडा आणि पाड्यापुढे खाडी. मी परळच्या चाळीत वाढलेली. वडील गिरणीत, गाव कोकणात, शेत म्हणजे मे महिन्यात सुट्टीला गेल्यावर लांबून बघायची गोष्ट. नवरा मुलुंडमधल्याच एका कारखान्यात फिटर होता, सकाळी सातची पाळी. घरात सासू-सासरे आणि आम्ही दोघं. पाड्यावरून चिखल तुडवत स्टेशन गाठायचं, पूल ओलांडून पश्चिमेच्या शाळेत जायचं आणि तिथे पाचवी ते सातवीला निसर्ग शिकवायचा, हा माझा दिनक्रम. वाटेत इतका निसर्ग तुडवते आहे हे माझ्या ध्यानात यायचं नाही.

आमचं शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खोल होतं. शेत आणि खाडी यांच्यामध्ये होता फक्त मातीचा एक बांध, माणसाच्या उंचीहून थोडा अधिक. त्याला एका ठिकाणी लाकडी झडप होती. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटायची. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तिवरांच्या झाडांची गर्दी. हा सगळा कारभार माझ्या सासऱ्यांच्या वडिलांच्याही आधीपासून चालत आला होता. पाड्यातल्या प्रत्येक घराच्या वाटणीला बांधाचा एकेक तुकडा होता, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाणाच्या वेळी प्रत्येक घराने आपल्या तुकड्यावर माणूस उभा करायचा असा रिवाज होता. खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या वर्षीचं भात तर जातंच, पण माती पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात.

नवऱ्याला हे सगळं नको होतं. इमारती बांधणारा एक कंत्राटदार पाड्यात फेऱ्या मारत होता, आणि नवऱ्याचं म्हणणं असं की मिठाच्या चिखलात हाडं झिजवण्यापेक्षा जमीन विकून मोकळं व्हावं. मला त्याचं पटायचं. बापलेकांची रोज वाजायची. शेवटी एका संध्याकाळी सासऱ्यांनी विषयच मिटवला. "ज्या वरसाला खारं पानी आत येल, त्या वरसाला मी अंगठा देतो," ते म्हणाले. "तवर घरात ही गोष्ट काढायची नाय." नवऱ्याने ती बोली मान्य केली. तेव्हापासून आमच्या घराचं पुढचं सगळं त्या बांधावर टांगलेलं होतं आणि ते आम्हा चौघांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्या पहिल्या वर्षी भात चांगलं आलं. कापणी होऊन नवा भात शिजला त्या दिवशी सासूबाईंनी केळीच्या पानावर भाताचा गोळा ठेवला, वर दोन भाजलेले सुके बोंबील. हा कोल्ह्याचा घास. दिवेलागणीला तो बांधावर, तिवरांच्या कडेला ठेवून यायचा. तिवरांत कोल्हे होते. संध्याकाळी त्यांची कोल्हेकुई सुरू झाली की मी दार लावून घेत असे. कोल्ह्याला कसला नैवेद्य, असं मी हसत विचारलं, तर सासरे म्हणाले की ते बांध राखतात. कसा राखतात, असं विचारलं तर म्हणाले, राखतात एवढंच. मी ते अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं. सगळे खूप हसले.

दुसऱ्या वर्षी मी कोंबड्या आणल्या. साध्या नव्हेत, पांढऱ्याशुभ्र विलायती, आठ. पाड्यातल्या बायकांना आधुनिक कुक्कुटपालन दाखवून द्यायचं, असा माझा डौल होता. सासूबाईंनी सांगितलं होतं की खुराडं दिवस मावळायच्या आत बंद करत जा आणि खालून दगड लाव. मी पुस्तकात पाहून जाळीचं खुराडं केलं होतं, त्याला दगडाची गरज नव्हती. एका आठवड्यात पाच कोंबड्या कोल्ह्यांनी नेल्या. सहावीची पिसं अंगणभर पसरली होती.

माझं डोकं फिरलं. मी तशी लहानपणापासून तापट. पण रागापेक्षा अपमान मोठा होता, कारण पाड्यातल्या बायका मला काही न बोलता पिसं गोळा करू लागल्या होत्या. स्टेशनजवळच्या दुकानातून मी उंदराचं औषध आणलं. पुडी फाटकी होती, म्हणून पिशवीतली एक तपासलेली उत्तरपत्रिका काढून तिच्यात गुंडाळली. त्याच आठवड्यात नव्या भाताचा दिवस आला. सासूबाईंचा गुडघा धरला होता. त्यांनी पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, यंदा घास तू ठेवून ये, घरची सून आहेस.

मी तो घास ठेवून आले. बोंबलांत काय होतं ते मला एकटीला माहीत होतं. कागद चुरगळून तिवरात फेकला, हात धुतले आणि घरी येऊन पोटभर जेवले. हे लिहिताना मला माझी शिसारी येते, पण त्या वेळी तसं काही वाटलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी सासरे सकाळी बांधावरून परत आले, कुदळ घेतली आणि पुन्हा गेले. आल्यावर विहिरीवर बराच वेळ हात धूत राहिले. त्या दिवशी जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. पुढे संध्याकाळी ओटीवर बसले असताना त्यांनी दोनतीनदा तेच वाक्य उच्चारलं, की यंदा कोल्हे बोलत नाहीत. मी वह्या तपासत होते. मान वर केली नाही.

तिसऱ्या वर्षी खेकडे आले. म्हणजे होते तर ते नेहमीच. खाण्याजोग्या चिंबोऱ्या वेगळ्या, त्या पाड्यातली माणसं धरत. हे बारके, लाल नांगीचे, अंगात मांस नसलेले. यांना कोणी विचारत नसे, आणि हेच बांधाला बिळं पाडत. एरवी महिन्यातून पाच-दहा बिळं बुजवली की भागायचं. यंदा उन्हाळ्यातच बांधाची खाडीकडची बाजू चाळण होऊ लागली. सासरे रोज ओहोटीला गाळाची घमेली आणि पेंढ्याच्या मुठी घेऊन उतरत, बीळ चाचपून पेंढा आत कोंबत, वर गाळ थापून टाचेने दाबत. दुसऱ्या दिवशी शेजारी नवं बीळ.

एकट्या खेकड्यांवर खापर फोडणं बरोबर नाही. त्याच वर्षी मिठागरांच्या कडेने झोपड्या वाढल्या होत्या, कुठून कुठून माणसं कामासाठी येऊन राहिली होती, आणि चुलीला सरपण म्हणून तिवरं तुटत होती. माझ्या वर्गाचा पट दोन वर्षांत इतका फुगला की एका बाकावर चौघं बसत. पाड्यातले तरुण कारखान्यांत लागले होते आणि उधाणाच्या दिवशी बांधावर निम्मे तुकडे मोकळे दिसत. लोकसंख्या हा धडा मी फळ्यावर आलेख काढून शिकवत असे. आमच्या बांधावर तो रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होता आणि मला दिसत नव्हता.

दिसला तो वर्गातच. सातवीला सजीवांचं परस्परावलंबन चाललं होतं. गवत, टोळ, बेडूक, साप अशी बाणांची रांग मी फळ्यावर काढली. एक दुवा काढून घेतला तर मागचा प्राणी बेसुमार वाढतो, असं सांगितलं. आमच्याच पाड्यातली एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. तिने उभं राहून विचारलं, "बाई, खेकड्यांना कोण खातं?" मी सवयीने बगळा म्हणाले. ती म्हणाली, बगळे तर आहेत. तिच्या आजोबांनी तिला सांगितलं होतं की ओहोटीला कोल्हे बांधावर येऊन खेकडे उकरून खायचे.

मी खडू खाली ठेवला. तास संपायला वीस मिनिटं होती, ती मी मुलांना धडा मनात वाचायला लावून काढली.

खरं तर त्याच दिवशी घरी जाऊन सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. कोल्ह्यांमुळेच खेकडे आटोक्यात होते हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तेव्हा तर याच शंकेचा मी आडोसा केला. मात्र दुसऱ्या दिवसापासून ओहोटी सकाळची असली की मी साडी खोचून सासऱ्यांबरोबर बांधावर उतरू लागले. त्यांनी कारण विचारलं नाही. गाळ किती घट्ट मळायचा, पेंढा आडवा का घालायचा, हे दाखवत गेले. निळसर काळा गाळ नखांत बसे आणि शाळेत खडूबरोबर फळ्याला लागे. तापट बाई आणि अबोल म्हातारा, आमचं दोघांचं बरं जमलं. मला ते आवडू लागले होते, माझ्या वडिलांइतके. त्यामुळे गिळून टाकलेली गोष्ट आणखीच बोचायची.

त्यांनीच मला पाणी बघायला शिकवलं. भरतीला बांधाच्या शेताकडच्या अंगाला पाझर फुटला तर घाबरायचं नाही, आधी बघायचं की पाणी गढूळ येतंय की नितळ. नितळ असेल तर नुसतं पाणी येतंय, बांध शाबूत आहे, ओहोटीला बघता येईल. गढूळ असेल तर पाणी आपल्याबरोबर बांधाची माती घेऊन येतंय. मग बीळ आतल्या आत रुंद होत जातं आणि वरून काही कळायच्या आत बांध बसतो.

सर्वपित्री अमावस्या आली. भादव्यातलं ते उधाण वर्षातलं सर्वांत मोठं, आणि भात नेमकं फुलोऱ्यात. कामाचा दिवस होता, नवरा पहाटेच पाळीला गेला. मी रजा घेतली होती, कारण पितरांचा स्वयंपाक होता. भरती पुरी भरायची वेळ दुपारी एकच्या सुमाराची. साडेअकराला सासऱ्यांची हाक आली. मी कढई उतरवून तशीच धावले, सासूबाई लंगडत पाठोपाठ.

आमच्या तुकड्यावर, शेताच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर मनगटाएवढी धार लागली होती. खाडीकडे पाणी निम्म्या बांधावर चढलं होतं. पूर्वी तिथे तिवरं लाटा मोडायची, आता खुंट उरले होते आणि लाटा सरळ येऊन आपटत होत्या. डाव्या-उजव्या तुकड्यांवर कोणीच नव्हतं. दूरच्या टोकाला दोन बायका दिसल्या, त्या आपापल्या पाझराशी झुंजत होत्या.

सासरे धोतर कमरेला खोचून खाडीच्या बाजूने पाण्यात उतरले. बीळ बाहेरून बुजवायचं असतं, आणि पाण्याखालचं बीळ डोळ्यांना दिसत नाही, पायाने शोधावं लागतं. जिथे पाय ओढला जातो तिथे ते असतं. सासूबाई बांधाच्या माथ्यावर बसून पेंढा आणि गाळाचे गोळे त्यांच्या हातात देत होत्या. माझं काम एकच होतं. शेताच्या बाजूला धारेपाशी बसायचं आणि ओरडून सांगायचं.

"पानी गढूल येतंय का नितल?" पलीकडून आवाज आला.

"गढूळ," मी ओरडले.

मधे बांध असल्यामुळे मला ते दिसत नव्हते आणि त्यांना धार दिसत नव्हती. त्यांना जे काही कळणार ते माझ्या तोंडून. पाचेक मिनिटं गेली. धार एकदम बारीक झाली आणि माझ्या ओंजळीतलं पाणी स्वच्छ झालं, इतकं की हाताच्या रेषा दिसल्या. मी आनंदाने ओरडून सांगितलं. पलीकडून ते नुसते बरं म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. पितरांचं पान अजून वाढता येईल, असाही विचार आला.

मग धार पुन्हा फुगली. पाणी आधी पिवळट आलं, मग करडं, मग गाळाच्या गुठळ्या त्यातून येऊ लागल्या आणि माझ्या बोटांना लागून फुटू लागल्या. मी गढूळ म्हणून सांगितलं. दुसरं बीळ असेल, असं ते म्हणाले आणि पुढे सरकले असावेत, कारण सासूबाईंचा आवाज बदलला. मागे या, तिथे खोल आहे, असं त्या सांगत होत्या. मी चार ढांगांत माथ्यावर चढले.

पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं होतं. एक हात बांधात रुतवलेला, दुसऱ्यात पेंढ्याची जुडी. लाट आली की डोकं दिसेनासं व्हायचं, मग वर येऊन ते खोकायचे. ओठ निळे पडले होते. भरती पुरी व्हायला अजून तासभर होता. सासूबाई दोर धरा म्हणून विनवत होत्या आणि ते मान हलवून नको म्हणत होते, कारण दोर धरायला हात मोकळा लागतो. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे. मला पोहता येत नव्हतं. आजूबाजूला एकही पुरुषमाणूस नव्हता.

मी पुन्हा खाली धारेपाशी आले. आता ती मनगटाची राहिली नव्हती, मांडीएवढी झाली होती. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काळा गाळ चढला होता.

"गढूल का नितल?"

गढूळ म्हटलं तर ते त्या पाण्यातून बाहेर यायचे नाहीत, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. आवाजात पाणी गेलेलं होतं.

"नितळ झालं, बाबा," मी ओरडले. "वर या."

"नीट बघून सांग."

"बघून सांगते. नितळ आहे. या वर."

आधी सासूबाईंचा हुंदका ऐकू आला, पाठोपाठ सासऱ्यांची धाप. ते वर आले होते. माथ्यावर गुडघे टेकून त्यांनी श्वास घेतला, मग उतरून माझ्यापाशी आले. धारेत हात घातला, तळवा वर करून पाहिला. तळव्यात गाळ होता. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली.

"दोगी बाजूला व्हा," एवढंच ते म्हणाले.

आम्ही जेमतेम वीस पावलं गेलो असू. बांध फुटताना मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. माथ्याचा एक तुकडा हळूच खाली बसला आणि त्यावरून खाडी आत आली. भाताच्या ओंब्या पाण्याखाली आडव्या झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. सासूबाई मटकन खाली बसल्या. सासरे उभे होते, अंगावरून पाणी निथळत होतं, आणि मी त्यांच्या शेजारी उभी होते. पितरांचं पान तसंच राहिलं.

नवरा चार वाजता आला तेव्हा सगळा पाडा बांधावर जमला होता. तो मला काही बोलला नाही. बापाला म्हणाला, "बाबा, तुझ्याने होत नाय आता. साधं बीळ बुजवता आलं नाय तुला." चारचौघांत बोलला. सासरे ऐकून घेत राहिले. पुढच्या आठवड्यात बांध डागडुजी करून उभा केला, पण भाताची पाती टोकाकडून करपत आली आणि मधल्या पट्ट्यात मातीवर पांढरा थर धरला. मी एकटीच गेले होते. उकिडवी बसले आणि बोटावर माती घेऊन जिभेला लावली. थुंकल्यावरही चव बराच वेळ गेली नाही.

बोलीप्रमाणे सासऱ्यांनी अंगठा द्यायचं कबूल केलं. दिवस ठरला. घरात नवरा रोज काही ना काही बोले, म्हाताऱ्याचे डोळे गेले, हट्टापायी पीक घालवलं, वेळेवर विकलं असतं तर ही दशा आली नसती. ते एकदाही उलटून बोलले नाहीत. कोल्ह्यांचं एक आणि पाण्याचं एक, ही दोन वाक्यं सांगायचं मी रोज उद्यावर ढकलत होते.

अंगठ्याच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सासूबाई बाजाराला गेल्या होत्या. सासरे ओटीवर बसले होते. त्यांनी मला हाक मारली, कमरेची चंची सोडली, पानाच्या कप्प्यामागून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्यो चुलीत घाल," ते म्हणाले. "लेकाच्या हाती लागला तर तो तुला बरं बोलनार नाय."

मी घडी उघडली. पाण्याने विटलेली उत्तरपत्रिका. मातीचे प्रकार लिहा, या प्रश्नाचं कुणा मुलाचं उत्तर, त्यात एक वाक्य होतं की खारवट जमीन शेतीला निरुपयोगी असते. त्यावर माझी लाल खूण होती. बरोबर.

हा कुठे सापडला, असं मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. मेलेल्या कोल्हिणीच्या बाजूला, ते म्हणाले. पिलं होती तिची, तीही गेली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लाल शाई घरात एकाच माणसाकडे होती. म्हणजे वर्षभर हा कागद त्यांच्या कमरेला होता. मी शेजारी बसून बिळं बुजवत होते, आणि हा त्यांच्या कमरेला होता.

मला रडू आवरेना. रडता रडताच म्हटलं, "बाबा, त्या दिवशी पाणी नितळ नव्हतं. मी खोटं बोलले."

"मना ठाव हाय."

"धारेत हात घातलात तेव्हा कळलं?"

"त्याच्या आदी. माझा पाय तवाही वढला जात व्हता. बीळ वढतंय आनि पानी नितल, असं कदी व्हतं काय?"

"मग वर का आलात?"

त्यांनी चंचीची दोरी गुंडाळली, नीट गाठ मारली आणि कमरेला खोचली.

"तू हाक मारलीस म्हनून," ते म्हणाले.

मी आत गेले आणि चूल पेटवली. लाकडं धडधडली तरी कागद माझ्या हातातच होता. मग तो पदराच्या टोकाला बांधला. चार वाजता नवरा आला, हातपाय धुतले, चहा मागितला. मी चहा दिला. सासरे ओटीवर होते, दार उघडं होतं. मी गाठ सोडून कागद नवऱ्यासमोर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं.

"बांध बाबांच्या हातून गेला नाही," मी म्हटलं. "बस. सांगते."